दादा ड्युटीवर, माई दरवाजावर

१२ जानेवारी २०२५

कामाला सुरुवात. ठरलं ते असं : दादा (आजोबा) आणि माई (आजी) यांच्या आयुष्यावर चाळीसेक पानांची पुस्तिका, नातवंडा-पतवंडांना वाटण्यापुरती. पुण्याच्या चुलतभावाने छपाईचा खर्च उचलला आहे, म्हणजे मतंही तोच जास्त देणार. लिखाण माझ्याकडे आलं, कारण आमच्या पिढीतली नाशिकमध्ये मीच उरले आहे आणि आत्या नाशिकच्याच उपनगर भागात, माझ्या घराजवळ राहते.

हाताशी काय आहे त्याची यादी केली. पत्र्याच्या ट्रंकेत दादांच्या रेल्वे सर्व्हिस शीटची नक्कल, प्रॉव्हिडंट फंडाचा नॉमिनेशन फॉर्म, मनीऑर्डरच्या पावत्यांचा दोऱ्याने बांधलेला गठ्ठा आणि थोडे फोटो, त्यांतल्या एकातच माई. थोरले काका मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर इतिहास लिहायला बसले होते; त्यांची दोनशेपानी वही आहे, लिहिलेली पानं अकरा.

शिवाय जात पडताळणीची फाईल. आमच्यासारख्या दलित घरांचा पहिला लिखित इतिहास म्हणजे हीच फाईल. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. दादा शाळेत गेलेच नाहीत, म्हणून थोरल्या काकांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा १९३६ चा उतारा लावलेला आहे. घरात कुणाची लग्नपत्रिका सापडणार नाही, पण या उताऱ्याची झेरॉक्स प्रत्येकाच्या कपाटात मिळेल. सोबत वंशावळीचं शपथपत्र : आजोबा, वडील, मुलगा, अशी पुरुषांची ओळ. त्यात माई नाही. कायद्याला तिची गरजच पडत नाही.

काकांच्या वहीत एक वाक्य आहे, जे मी लहानपणापासून प्रत्येक चौदा एप्रिलला ऐकत आले : 'आमच्या वडिलांनी १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात भाग घेतला. आईने त्यांना खंबीर साथ दिली.' खंबीर साथ दिली म्हणजे नक्की केलं काय, हे वहीत नाही. पहिलं काम हेच.

२६ जानेवारी

सर्व्हिस शीट घेऊन मामेसासऱ्यांकडे गेले. ते रेल्वेच्या परमनंट वे, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले आहेत, असले कागद त्यांना पाठ. त्यांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ धरला आणि एकेक रकाना सांगत गेले.

जन्मतारीख १ जुलै १९०६. 'ही खरी नव्हे,' ते म्हणाले. 'माणसाला नुसतं साल माहीत असलं की रेल्वे १ जुलै धरते.' सालसुद्धा कारकुनाने चेहरा बघून टाकलं असेल तर नवल नाही. नेमणूक १९२७, गँगमन (रुळांवर काम करणाऱ्या टोळीतला मजूर), जी.आय.पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, नाशिकरोड. १९३८ ला कीमन, म्हणजे रोज ठरलेला पट्टा पायी तुडवत सैल झालेल्या चाव्या ठोकणारा माणूस. निवृत्ती ३० जून १९६६.

मग त्यांनी एक गोष्ट दाखवली, जी मी स्वतः कधी पाहिली नसती. जी.आय.पी.चा मोठा संप ४ फेब्रुवारी १९३० ला सुरू झाला. संपात गेलेल्यांची नोकरी तुटली. पुढे परत घेतलेल्यांच्या कागदावरही ती तूट दिसते. दादांच्या शीटवर १९२७ पासून १९६६ पर्यंत नोकरी सलग. १९३० च्या रजेच्या रकान्यात काही नाही. म्हणजे दादा संपात नव्हते, आणि त्या वर्षी रजेवरही नव्हते.

मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० ला. मग ते तिथे होते कधी?

चुलतभावाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला, 'संप फोडला असं लिहू नकोस.' मी म्हटलं, अजून काहीच लिहिलेलं नाही. तीन वर्षांची कच्ची नोकरी, गावी वतनाच्या तुकड्याशिवाय काही नाही, घरात कडेवरचं पोर. अशा गँगमनने संपात जायला हवं होतं की नव्हतं, हे पेन्शनवर बसलेल्या नातवंडांनी ठरवू नये.

२ फेब्रुवारी

आत्याकडे. रेकॉर्डिंग केलं. तिचा जन्म १९३८ चा, त्यामुळे १९३० तिने पाहिलेलं नाही, पण माई १९८३ पर्यंत होती आणि शेवटची वर्षं आत्याकडेच. म्हणजे हे माईच्या तोंडचं, एका हाताने आलेलं.

मी काकांचं वाक्य वाचून दाखवलं. आत्या हसलीच.

'अगं, दादा कुठले बसतात! त्यांची ड्युटी. माई बसली.'

'म्हणजे माई सत्याग्रहात होती?'

'मग काय सांगते? दोघांचं बोलणं झालेलं. दोघंही गेलो आणि उद्या मुकादमानं काढून टाकलं, तर पोरगं काय खाईल? एकाचा पगार चालू पाहिजे. पगार कुणाचा? दादांचा. मग जायचं कुणी? सरळ आहे ना.'

एवढं सरळ असून पंचाण्णव वर्षांत कुणी ते असं सांगितलं नव्हतं.

पुढचं तिच्याच शब्दांत, थोडं जुळवून : 'पहिल्या दिवशी मिरवणूक होती, तेव्हा दोघं गेले. रविवार होता, गँगला सुटी. दादा त्या दिवशी होते, हे खरं आहे, ते खोटं नाही करायचं. दुसऱ्या दिवसापासून दादा रुळावर आणि माई तिकडं. रोज नाही. तुकड्या लावलेल्या, पाळीनं बोलवायचे. मालधक्क्याकडून चार-पाच बाया मिळून जायच्या. ट्राम होती तेव्हा नाशिकरोडवरून, पण ट्रामला पैसे कोण देणार? पायी. थोरला कडेवर. भाकरी फडक्यात. दरवाजापुढं बसायचं. दार बंद. ऊन वर आलं की पोरगं रडायचं, मग कुणीतरी आळीपाळीनं सावलीत घेऊन जायचं. पाणी आपल्या वस्तीतून हंड्यानं यायचं.'

'आणि घरी स्वयंपाक?'

'दादा करायचे. भाकरी थापायचे ते. चाळीतल्या बाया यायच्या बघायला, पुरुषमाणूस भाकरी थापतो म्हणून. गँगमध्ये त्यांना नाव पडलं होतं, ते मी सांगायची नाही.'

विचारूनही सांगितलं नाही.

कडेवरचा थोरला म्हणजे थोरले काका. ज्यांनी वहीत वडिलांचं नाव लिहिलं, ते स्वतः आईच्या कडेवर त्या दरवाजापुढे बसलेले होते. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या पिढीत सत्याग्रही म्हणजे पुरुष, फेटा, काठी. आईला ते कुठे बसवणार? पण हा भाग पुस्तिकेत यायलाच हवा.

५ फेब्रुवारी

पंचांग-कॅलेंडर ताडून पाहिलं. २ मार्च १९३० हा खरोखर रविवार. आत्याच्या सांगण्याला आणि सर्व्हिस शीटला एकमेकांशी भांडायचं कारण उरत नाही : रविवारी दादा मिरवणुकीत, सोमवारी ३ मार्चला दरवाजांपुढे सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ते कामावर. मजा म्हणजे १९३० आणि २०२५ ची कॅलेंडरं वारावार तंतोतंत सारखी. यंदाचंच कॅलेंडर भिंतीवरून काढून त्यावर १९३० च्या नोंदी पेन्सिलीने करते आहे.

२० फेब्रुवारी

छापील पुराव्यांचा दिवस. सत्याग्रहींची नावं तेव्हाच्या आपल्या पत्रांत मिळतील असा माझा हिशेब होता. पण 'बहिष्कृत भारत' १५ नोव्हेंबर १९२९ च्या अंकानंतर बंद पडलं आणि 'जनता' सुरू झालं २४ नोव्हेंबर १९३० ला. सत्याग्रहाचे पहिले आठ-नऊ महिने नेमके या दोन पत्रांच्या मधल्या खिंडीत सापडतात. ज्या काळात आपल्या माणसांची नावं आपल्याच छापखान्यात छापली गेली असती, त्या काळात बाबासाहेबांचं पत्रच नव्हतं.

उरतात सरकारी कागद आणि दुसऱ्यांची वर्तमानपत्रं. राज्य सरकारने १९८२ मध्ये छापलेल्या आंबेडकरी चळवळीच्या साधनखंडात पोलिसांचे अहवाल आणि इंग्रजी पत्रांतले उतारे आहेत. तो वाचून काढला. मिरवणुकीचा आकडा चरित्रग्रंथांत सुमारे १५,००० येतो. मिरवणूक मंदिराशी पोचली तेव्हा दरवाजे बंद होते, म्हणून लोक गोदावरीच्या घाटाकडे वळले आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बायका, चारही दरवाजांवर वाटून. सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव गायकवाड, म्हणजे दादासाहेब, आमच्याच दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे. त्यांच्या पत्नी गीताबाईंसारखी पुढाऱ्यांच्या घरची नावं ठिकठिकाणी येतात. बाकी बायका आकड्यात.

माई पहिल्या पंचवीसमध्ये होती असं लिहायचा मोह होतो. चुलतभावाने तर तसं गृहीतच धरलं. आत्याला विचारलं तर म्हणते, 'पहिली-बिहिली नाही, पाळी आली तेव्हा गेली.' तसंच लिहायचं.

२ मार्च

आज रविवार. नाशिकरोडहून पंचवटीपर्यंत चालत गेले. वेळ बघायची होती. द्वारकेला उड्डाणपुलाखाली रस्ता ओलांडण्यातच बराच वेळ गेला. माईला ती अडचण नव्हती. रविवार कारंजा, मग व्हिक्टोरिया पूल (१८९५ चा, आता अहिल्याबाई होळकर पूल), पलीकडे पंचवटी. दहाएक किलोमीटर. मोकळ्या हातांनी चालताना मला अडीच तास लागले. कडेवर मूल आणि परतीचं चालणं धरलं तर दिवस पुरा त्यातच जातो. दादांनी भाकरी थापल्या नसत्या तर रात्री कुणी काहीच खाल्लं नसतं.

मंदिराच्या पूर्व दरवाजाशी थांबले. आत गेले नाही, गर्दी होती.

१७ मार्च

थोरल्या काकांची जन्मनोंद शोधते आहे. त्यावर बरंच अवलंबून आहे : मार्च १९३० मध्ये मूल कडेवर होतं, तर जन्म १९२९ चा हवा. शाळेच्या उताऱ्यात १ जून १९२८ आहे, ती मास्तरांनी घातलेली तारीख. १ जूनला जन्मलेल्यांची अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे.

दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, काका नाहीत. नाशिकरोडलाही नाहीत. मग आत्याच म्हणाली, 'पहिलं बाळंतपण होतं ना? मग आमच्या गावात कशाला बघतेस?' पहिलटकरीण माहेरी जाते. म्हणजे नोंद निफाड तालुक्यात, माईच्या माहेरच्या गावात. वंश शोधणारे लोक बापाच्या गावात जन्मनोंद हुडकतात आणि पहिला मुलगा सापडत नाही म्हणून हात टेकतात. त्यांनी आईचं गाव आधी विचारावं.

मिळाली. जून १९२९. पानावर मोडी. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना असा भाव आला आहे की भेटीची वेळ महिनाभर आधी मागावी लागते. वाचणारे गृहस्थ फार सज्जन निघाले. नोंदीत बापाचं नाव, बापाचं गाव, जात, आणि 'मुलगा'. मुलाचं नाव नाही, कारण बारशाआधीच कोतवालाने लिहून घेतलेलं. आईचं नावही नाही. तिच्याच गावात, तिच्याच बाळंतपणाची नोंद, आणि तिचा पत्ता बापाच्या गावाच्या नावावरून काढायचा.

तरी काम झालं. मार्च १९३० ला काका नऊ महिन्यांचे होते.

त्याच बुकात माईचा जन्मही शोधला. त्या घरात १९०९ ला 'मुलगी' आणि १९१२ ला 'मुलगी'. दोघींना नावं नाहीत. फंडाचा फॉर्म १९४१ चा आहे, त्यात नॉमिनी : पत्नी, वय २९. म्हणून १९१२ धरते. या हिशेबाने काकांच्या वेळी ती सतराची आणि दरवाजापुढे बसली तेव्हा अठराची. फॉर्मवर तिच्या अंगठ्याचा ठसा आहे, शाई थोडी पसरलेली. ट्रंकेतल्या सगळ्या कागदांत ती स्वतः हजर असलेला हा पहिला कागद.

२४ मार्च

गाव नमुना १४ मध्येच, मृत्यूच्या भागात, १९३३ : मुलगी, वय २, ताप. बापाचं नाव दादांचं. ही कुणालाच माहीत नव्हती. आत्यालाही नाही, वडिलांनीही कधी म्हटलं नाही. वंशवृक्षात तिची जागा केली. काका १९२९, ही १९३१, मधले काका १९३५, आत्या १९३८, माझे वडील १९४४.

८ एप्रिल

कामदा एकादशी. आज काळारामाचे दोन रथ निघाले, रामाचा आणि गरुडाचा. १९३० मध्ये हा दिवस ९ एप्रिलला आला होता, बुधवार. रथ ओढण्यावरून सवर्ण आणि सत्याग्रही यांच्यात तडजोड ठरली होती, ती मोडली, दगडफेक झाली. दादा अर्थातच ड्युटीवर.

चुलतभावाचं म्हणणं : माईच्या कपाळावर डाव्या बाजूला व्रण होता, फोटोत दिसतो, तो त्या दिवशीच्या दगडाचा. 'मला बाबांनी सांगितलंय.' आत्याला स्पीकरवर घेतलं. आत्या म्हणाली, 'तो विहिरीवर पडल्याचा आहे, माहेरचा, लहानपणीचा. रथाच्या दिवशी माई गेलीच नव्हती, थोरल्याला गोवर आला होता.' चुलतभाऊ हिरमुसला. त्याला मुखपृष्ठावर व्रण हवा होता.

मला तो गोवर जास्त आवडला. असल्या गोष्टी कुणी रचत नाही.

२७ एप्रिल

येवला. १३ ऑक्टोबर १९३५, पुन्हा रविवार. 'हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा बाबासाहेबांनी त्या परिषदेत केली. काकांच्या वहीत याविषयी दोन ओळी आहेत आणि त्या विश्वासार्ह वाटतात, कारण तेव्हा ते सहा वर्षांचे आणि सोबत गेलेले. रेल्वेचा पास होता. नाशिकरोड ते मनमाड, तिथून दौंडची गाडी, मधे येवला स्टेशन. काकांना परिषद आठवत नाही, मनमाडच्या फलाटावर दादांनी घेऊन दिलेला पेढा आठवतो.

माई घरी होती; मधले काका महिन्या-दोन महिन्यांचे. या वेळी पाळी उलटी.

हे पुन्हा पुन्हा दिसतंय म्हणून लिहून ठेवते : या दोघांनी प्रत्येक मोठ्या दिवशी कोण जाणार आणि कोण राहणार, हे ठरवलेलं आहे. दोघं मिळून गेल्याचे प्रसंग मला दोनच सापडतात. पहिला २ मार्च १९३०. दुसरा १४ ऑक्टोबर १९५६, नागपूरची धम्मदीक्षा. तेव्हा पासावर सगळं घर गेलं, भुसावळमार्गे, पाच मुलांतली हयात चारही. माझे वडील बारा वर्षांचे होते; ते सांगायचे की गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि माईने पांढरं लुगडं आयुष्यात पहिल्यांदा नेसलं होतं. परत आल्यावर देव्हाऱ्यातले टाक तिनेच उचलून नेले आणि गोदावरीत सोडले. दादा म्हणे दारात उभे होते, काही बोलले नाहीत.

मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ ला झाला. त्यानंतर माई कधी काळारामात गेली का, असं आत्याला विचारलं. 'नाही. १९४७ ला कुणीतरी बोलवायला आलेलं, चला म्हणून. माई म्हणाली, मला भाकरी टाकायच्यात.'

१५ जून

जमीन. हा भाग मी टाळत होते, कारण जमिनीचा विषय निघाला की आमच्याकडे फोन वाढतात.

'आपले अभिलेख' वरून जुने सातबारे आणि फेरफार उतरवले. गावची जमीन महार वतनाची, इनाम वर्ग ६ ब. येसकरकीची, म्हणजे वतनाच्या बदल्यात करायच्या गावकामाची, पाळी आमच्या घरात होती. दादा १९२७ ला नोकरीला लागल्यावर ती पूर्णपणे धाकट्या भावावर पडली. कनिष्ठ गाव वतनं १ ऑगस्ट १९५९ पासून रद्द झाली. कब्जेहक्काची रक्कम भरली की जमीन पूर्वीच्या वतनदाराला नवीन शर्तीवर परत मिळायची. फेरफारात रक्कम भरल्याची नोंद आहे आणि कब्जेदार म्हणून एकच नाव : धाकटे आजोबा. दादांचं नाव नाही.

आणि ट्रंकेतल्या मनीऑर्डरच्या पावत्या त्याच काळातल्या, धाकट्या आजोबांच्या नावे. पैसे दादांनी पाठवलेले.

चुलतभावाचा फोन दहा मिनिटांत. 'म्हणजे आपला हिस्सा निघतो की काय?' त्याला सांगितलं, आपण पुस्तिका काढतोय.

संध्याकाळी आत्याकडे. तिला हे पक्कं आठवत होतं, तेव्हा ती एकवीस-बावीस वर्षांची. दादांची इच्छा होती दोन्ही नावं लागावीत. माईने नको म्हटलं. सत्याग्रहाचा राग गावोगाव निघाला होता. नाशिक जिल्ह्यात कितीतरी ठिकाणी आपल्या लोकांचे रस्ते अडवले, पोरांना शाळेतून काढलं, दुकानदारांनी माल द्यायचं बंद केलं. आमच्या गावात त्याची झळ बसली ती धाकट्या आजोबांना. ते तर मंदिराच्या बाजूलाही फिरकले नव्हते. माईचं वाक्य आत्याने असं सांगितलं : 'मी तिकडं बसले आणि मार भावजींनी खाल्ला. जमीन त्यांची.'

माई मालधक्क्यावरून उठून गेली, सुरक्षित परत आली. दादांचा पगार चालू राहिला. आणि त्याची किंमत गावात राहिलेल्या माणसाने दिली. नवरा-बायकोची गोष्ट लिहायला बसले आणि तिसरा माणूस मधे येऊन बसला. त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण करणार. चुलतभावाला कळवलं, त्याचं उत्तर आलेलं नाही.

३ ऑगस्ट

मृत्यूच्या नोंदी. दादा १९७४, माई १९८३. नाशिक महानगरपालिका ७ नोव्हेंबर १९८२ ला झाली. त्याआधी नाशिकरोड-देवळालीची नगरपालिका वेगळी होती. त्यामुळे दोघं एकाच घरात वारूनही नोंदी दोन वेगळ्या संस्थांच्या नावाने. दोन्ही दाखले मिळाले.

माईच्या दाखल्यावर 'व्यवसाय : घरकाम'.

१४ सप्टेंबर

कच्चा मसुदा सगळ्यांना पाठवला. आलेल्या सूचना :

पुणे : संपाचा उल्लेख काढावा. (ठेवणार. दादांची नोकरी सलग का होती हे कळल्याशिवाय माई का गेली हे कळत नाही.)

मधल्या काकांची सून : फोटो मोठे हवेत.

धाकट्या आजोबांचा नातू, गावाहून : प्रकरण वाचलं, फोनवर पाच मिनिटं बोलला, त्याच्या आजोबांच्या येसकरकीच्या काठीचा फोटो पाठवला. घुंगरं गेली आहेत, काठी आहे. विचारलं, छापू का? म्हणाला, छापा, पण खाली 'परंपरा' असलं काही लिहू नका.

नाही लिहिणार.

२१ सप्टेंबर

आत्याला पूर्ण मसुदा वाचून दाखवला. दुपार गेली. शेवटी ती रागावली, आणि माझ्यावर.

'तू दादांना बाजूला काढलंस.'

मी म्हटलं, आत्या, तूच सांगितलंस ना, माई बसली म्हणून.

'माई बसली, पण तिला बसवलं कुणी? त्या काळात अठरा वर्षांची बाई तान्हं पोर घेऊन दहा किलोमीटर जाते आणि नवरा घरी भाकरी थापतो. गँगमध्ये बारा माणसं. रोज ऐकून घ्यायचे. मुकादम मुद्दाम लांबचा पट्टा द्यायचा. तू लिहिलंस, दादा ड्युटीवर होते. नुसते ड्युटीवर नव्हते, बाई.'

गँगमध्ये पडलेलं नाव तेव्हा तिने सांगितलं. ते छापायचं नाही या अटीवर. म्हणून इथेही लिहीत नाही.

२८ सप्टेंबर

आत्याच्या म्हणण्याप्रमाणे नववं पान पुन्हा लिहिलं. काकांचं मूळ वाक्य जसंच्या तसं छापते आहे, त्यांच्या हस्ताक्षराच्या फोटोसह. ते त्यांनी प्रेमाने लिहिलेलं आहे आणि त्याचा मान राहावा. त्याखाली नवीन मजकूर :

'२ मार्च १९३० च्या मिरवणुकीत दादा आणि माई दोघेही होते. दुसऱ्या दिवसापासून दादा रेल्वेच्या कामावर गेले आणि माई पाळीप्रमाणे मंदिराच्या दरवाजापुढे बसली. दोघांपैकी एकाचा पगार चालू राहावा असं त्यांनी मिळून ठरवलं होतं. त्या दिवसांत घरचा स्वयंपाक दादांनी केला, आणि त्याबद्दल कामावर जे ऐकावं लागलं ते ऐकून घेतलं. गावी धाकट्या आजोबांनी जे सोसलं ते पुढच्या प्रकरणात आहे.'

पुण्याचं उत्तर आलं : 'ठीक. संप राहू दे. छपाईच्या प्रती वाढव, गावाकडे पण पाठवायच्या आहेत.' जमिनीबद्दल एक शब्द नाही.

५ ऑक्टोबर

शेवटची प्रूफं. वंशवृक्षात माईच्या माहेरची बाजूही घेतली. तिथे दोन बहिणी, १९०९ आणि १९१२, पैकी धाकटी माई. १९३१ ची मुलगी 'नाव नोंदलेलं नाही' अशी. काठीचा फोटो अठराव्या पानावर, खाली फक्त गावाचं नाव आणि साल. फंडाच्या फॉर्मवरचा अंगठा मुखपृष्ठावर घ्यावा असं मी सुचवलं होतं, आत्याने नकार दिला : 'ती पुढं सही करायला शिकली होती, प्रौढ साक्षरतेच्या वर्गात. अंगठा कशाला लावतेस?' सहीचा कागद शोधला. १९७४ च्या वारस नोंदीच्या अर्जावर आहे, नाशिकरोडच्या घराच्या कागदांत. ती सही घेतली.

उद्या मजकूर छपाईला जातो. आत्याने आणखी एक काम दिलं आहे : मालधक्क्यावरून माईबरोबर गेलेल्या बाकीच्या बाया. तिला दोघींची घरं आठवतात.